एलसीटी ७०७४ची सेवानोंद एवढी तोकडी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ मूळचे पुण्याचे, सध्या इंग्लंडात. पोर्ट्समथला साउथसीच्या किनाऱ्यावर डी-डेचं, म्हणजे जून १९४४मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर झालेल्या स्वारीचं संग्रहालय आहे. तिथे छताखाली उभी असलेली एलसीटी ७०७४, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली रणगाडे उतरवणारी बोट, त्यांनी मुलांना दाखवली. घरी येऊन तिची सेवानोंद शोधली तर हाती लागल्या जेमतेम दहा ओळी. लढाईची नोंद एकच, तीही एका रात्रीची. त्यांचं म्हणणं : एवढ्याशा कामगिरीसाठी एवढा खटाटोप कशाला? की नोंदच अर्धवट आहे? आणि अशा बोटीची नोंद वाचायची तरी कशी?

मी नौदलातला इंजिन रूमचा माणूस. नोकरीतली बरीच वर्षं पोलंडमध्ये बांधलेल्या आपल्या लँडिंग जहाजांवर गेली, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला. निवृत्तीनंतर जुन्या बोटींचे कागद चाळायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. त्यामुळे रेतीवर चढलेल्या जहाजाच्या पोटात काय चालतं तेही माहीत आहे, आणि त्यातलं कागदावर किती कमी उतरतं तेही.

आधी सरळ उत्तर देतो. नोंद अर्धवट नाही. एलसीटीची नोंद अशीच असते. या बोटी बांधतानाच हिशेब असा होता की एक फेरी धड झाली, रणगाडे कोरड्यावर उतरले, की पैसे वसूल. तिथून पुढे बोट जितके दिवस तरंगेल तितके दिवस वरकड. क्रूझरसारख्या मोठ्या युद्धनौकेची सेवानोंद वाचतो तशी ही वाचायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. इथे एकेक शब्द फोडून बघावा लागतो.

ही बोट दिसते कशी ते ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी. दाभोळ-धोपावे फेरीबोट आठवा, किंवा पणजी-बेतीची. पुढची फळी धाडकन खाली पडते आणि स्कूटर, रिक्षा, टेम्पो भुर्रकन बाहेर पडतात. तीच कल्पना. फक्त बोट ५८ मीटर लांब, साडेनऊ मीटर रुंद, मधला हौदा उघडा, मागे छोटासा ब्रिज, म्हणजे बोट हाकायची जागा, त्याच्याखाली इंजिनं आणि राहायची खुराडी. तळ सपाट. वेग कागदावर ९-१० नॉट, भरलेली असताना समोरून वारा असेल तर त्याहून कमी. संरक्षणाला दोन २० मिलिमीटरच्या ऑर्लिकन तोफा. माणसं १२ : दोन अधिकारी, दहा खलाशी. फेरीबोटीत आणि हिच्यात खरा फरक एवढाच की फेरीबोटीला पलीकडे बांधलेला धक्का मिळतो, आणि पलीकडून कोणी गोळ्या झाडत नाही.

आता नोंदीकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे आकडा. या बोटींना नाव नसायचं, नुसता नंबर. ७०७४ वाचून लोकांना वाटतं की सात हजार बोटी झाल्या होत्या. तसं नाही. नंबरांचे गट पाडलेले होते. मार्क म्हणजे बोटीच्या नमुन्याची आवृत्ती. ३०० ते ४९९ आणि ७००१ ते ७१५० हे मार्क ३चे, ५००च्या पुढचे मार्क ४चे, २००१पासून पुढे अमेरिकेत बांधलेले मार्क ५. म्हणजे नुसता नंबर बघून बोटीची जात कळते. आपली ७०७४ मार्क ३.

जात कळली की निम्मी गोष्ट कळते. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य काढून घेतल्यावर, १९४०च्या उन्हाळ्यात, चर्चिल यांनी रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींची मागणी लावून धरली. टाइन नदीवर हेबर्न इथल्या हॉथॉर्न लेस्ली या गोदीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली बोट पाण्यात सोडली. नाव गुप्त राहावं म्हणून भूमध्य समुद्रात या बोटींना ‘ए लायटर’ म्हणत, म्हणजे जणू बंदरातला सामान वाहणारा साधा पडाव. मार्क ३ जन्मली ती मार्क २ मधोमध कापून आणि दहा मीटरांचा तुकडा जोडून. आपल्याकडे मिनीबसची मोठी बस करतात तसं. गंमत म्हणजे लांबी वाढल्यावर ती आधीच्या बोटीपेक्षा मंदावेल असं वाटलं होतं, पण वेगात फारसा फरक पडला नाही. पाच चर्चिल रणगाडे किंवा ११ व्हॅलेंटाइन मावायचे.

त्या जोडलेल्या तुकड्याची किंमत मात्र होती. सपाट तळाची लांबलचक पेटी, मध्ये उघडा हौदा, वर धरून ठेवायला अखंड डेक नाही. लाटेवर चढली की मधून वाकणारच. मार्क ३ आणि ४वर काम केलेल्यांनी हौद्याच्या कडा डोळ्यांदेखत लवताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

७०७४ त्याच हेबर्नच्या गोदीत १९४४च्या वसंतात पाण्यात उतरली. ही ओळ लोक सरसकट सोडून देतात. मी तिथे थांबतो. जूनमध्ये स्वारी, आणि बोट मार्च-एप्रिलमध्ये पाण्यात! म्हणजे चाचण्या, तोफा बसवणं, खलाशी गोळा करणं, किनाऱ्याला लावण्याचा सराव, सगळं मिळून दोन महिने. नव्या इंजिनाचं अंगावर येणं काय असतं ते मला विचारा. कुठलाही पाइप पहिल्या शंभर तासांत गळायचा तो गळतो, आणि तो गळू नये तेव्हाच गळतो. या बोटीचे ते शंभर तास आणि स्वारी यांच्यात फारसं अंतर नव्हतं.

पुढची ओळ : १७वी एलसीटी फ्लोटिला (म्हणजे बोटींची तुकडी), कमांडर सब-लेफ्टनंट जॉन बॅगट, वय २०. वीस! नियमित नौदलातला नव्हे, युद्धापुरता भरती झालेला राखीव अधिकारी. आमच्याकडे या वयाचं पोर जहाजावर आलं तर वर्षभर त्याला ब्रिजवर एकट्याला उभं करत नसत. इथे त्याच्या हाती साठ मीटरांची बोट आणि दहा रणगाडे. कौतुकाने सांगतोच आहे, पण त्याहून हे जास्त सांगायचं आहे की ही अपवादाची गोष्ट नव्हती. डी-डेच्या मोहिमेत ८००च्या वर एलसीटी होत्या. प्रत्येकीला एक स्कीपर हवा. एवढे अनुभवी अधिकारी आणायचे कुठून?

फ्लोटिला हा शब्द तर सोन्यासारखा. एकट्या एलसीटीचे कागद तुटपुंजे असतात, पण फ्लोटिलाचे अहवाल, काफिल्यांची वेळापत्रकं, लोडिंग टेबलं राहतात. कुठल्या बोटीत कुठली पलटण, कुठल्या क्रमाने, हे सगळं आधीच ठरलेलं असायचं आणि त्याचा आकडा बोटीच्या बाजूवर रंगवलेला असायचा. म्हणून ‘अमुक नंबर’ शोधून काही मिळालं नाही की मी फ्लोटिला शोधतो, आणि तरीही मिळालं नाही की बोटीत कोण बसलं होतं ते शोधतो. बोटीने लिहिलं नसेल ते रणगाड्यावाल्यांनी लिहिलेलं असतं, बहुधा ‘रात्रभर ओकलो’ अशा शब्दांत. सपाट तळाची बोट लाट कापत नाही, लाटेवर आपटते.

७०७४मध्ये बसलेले होते ७व्या आर्मर्ड डिव्हिजनचे, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात नाव काढलेले ‘डेझर्ट रॅट्स’. १० रणगाडे. चढले पूर्वेला फेलिक्स्टोला. नकाशा काढून बघा. फेलिक्स्टोहून नॉर्मंडीला जायचं म्हणजे डोव्हरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या जर्मन तोफांसमोरून, मग सगळी इंग्लिश खाडी. बैलगाडीच्या चालीने. त्यात खराब हवेमुळे स्वारी एक दिवस पुढे ढकललेली. नोंदीत ‘लोडेड’ आणि ‘लँडेड’ या दोन शब्दांमध्ये जी जागा सुटली आहे, त्यात एवढं सगळं बसतं.

आणि आता मुख्य ओळ : गोल्ड बीच, ७ जून १९४४, रात्रीचे दोन. गोल्ड हे नॉर्मंडीच्या एका किनाऱ्याचं मोहिमेतलं सांकेतिक नाव.

पाहिलंत? ७ जून. डी-डे ६ जूनला, गोल्डवर पहिली लाट सकाळी ७.२५ला उतरली. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ही बोट डी-डेच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. यावरून काही जण तिला ‘डी-डेची बोट’ म्हणायला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ती निघाली त्याच योजनेत, पाठोपाठच्या फळीत. पहिल्या लाटेने जागा मोकळी करायची आणि मागच्यांनी त्या जागेत जड माल ओतायचा, असं ते गणित होतं. मागची फळी आली नसती तर पुढची किनाऱ्यावरच अडकली असती.

मला त्या ओळीत वेळ जास्त बोलते. आमच्या मालवणाकडचा रापणीवाला तिथी सांगितली की भरतीची वेळ बोटांवर सांगतो. तसंच करून बघा. ६ जून १९४४ला पौर्णिमा होती, आपल्या पंचांगात ज्येष्ठातली. म्हणजे उधाण. त्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सहा मीटरांच्या आसपास वर-खाली होतं. आपल्याकडे रत्नागिरीला त्याच्या निम्म्यानेही होत नाही. पहिली लाट मुद्दाम ओहोटी संपून पाणी चढू लागल्यावर उतरवली होती, कारण ओहोटीला जर्मनांनी रोवलेले अडथळे उघडे पडतात. तिथून सव्वासहा-सव्वासहा तास मोजत चला. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पहाटे साडेपाचच्या सुमारास, भरती दुपारच्या आत, सुकती संध्याकाळी, भरती रात्री अकराच्या आगेमागे. मग रात्री दोनला काय? पाणी उतरत होतं.

उतरत्या पाण्यावर अंधारात बोट किनाऱ्याला लावायची, हे वाक्य मी दोनदा वाचतो. कारण ते मी केलेलं आहे, शांततेच्या काळात, दिवसाउजेडी, आणि तरीही फसलेलं आहे.

कसं असतं ते सांगतो. किनाऱ्याकडे जाताना आधी जहाजाचा तोल साधतात, नाळ, म्हणजे पुढचं टोक, हलकी आणि मागचा भाग जड, म्हणजे नाळ अलगद रेतीवर चढावी. मार्क ३ भरलेली असतानाही पुढे सव्वा मीटर आणि मागे दोनेक मीटर बुडायची, ती याचसाठी. मग किनारा ठरावीक अंतरावर आला की मागचा नांगर सोडतात. सगळी करामत या नांगरात आहे. पुढे जाताना त्याची तार विंचवरून सुटत राहते. माल उतरला की तीच तार ओढून घ्यायची आणि तिच्या जोरावर जहाज मागे खेचायचं. नांगर लवकर टाकला तर तार पुरत नाही. उशिरा टाकला तर ओढायला पल्लाच राहत नाही. आणि तार ढिली सुटून जहाजाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेली तर मग देवाचं नाव घ्यायचं.

आम्ही खाली इंजिन रूममध्ये. आम्हाला किनारा दिसत नाही, ऐकू येतो. आधी तळाखाली खसखस, तांदूळ निवडावेत तशी. मग एक लांब कर्रर्र, आणि पाय पुढे घसरतात. त्याच क्षणी आमची लढाई सुरू होते. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढलं जातं, आणि किनाऱ्याजवळ ते पाणी म्हणजे निम्मी रेती. गाळण्या भरत जातात, तापमानाचा काटा चढायला लागतो. एक गाळणी बंद करून दुसरी उघडायची, पहिली काढून साफ करायची, पुन्हा आलटून-पालटून. हात कोपरापर्यंत रेती, शिंपल्या, शेवाळ. एकदा एक जिवंत खेकडा निघाला, त्याला आम्ही वर नेऊन सोडला. तेवढ्या वेळात वरून फर्मान : इंजिनं चालूच ठेवा. कारण पुढे हळू रेटा देत राहिल्याशिवाय जहाज आडवं फिरतं, आणि आडवं फिरलेलं जहाज लाटांना खेळणं.

त्या दिवशी आमचा नांगर धरलाच नाही. खाली मऊ चिखल असावा. तार ओढली तर नांगरच घरंगळत जहाजाकडे यायला लागला. तोवर पाणी उतरलेलं. पुढचे जवळजवळ बारा तास जहाज रेतीवर बसून. पंखे उघडे पडले, कप्तान साहेब कोरड्या रेतीवरून जहाजाभोवती चक्कर मारून आले, तळाला लागलेली कालवं आम्ही हातांनी काढली. रात्रीच्या भरतीला निघालो. लॉगमध्ये किती लिहिलं गेलं माहीत आहे? दीड ओळ.

म्हणून ‘गोल्ड बीच, रात्री दोन’ एवढ्या चार शब्दांत मला नांगर दिसतो, गाळणी दिसते, वीस वर्षांचा स्कीपर दिसतो आणि उतरतं पाणी दिसतं. तुमच्या दहा ओळींपैकी या एका ओळीचं वजन बाकी नऊंच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त आहे.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल अशा नोंदी गप्पच असतात. एलसीटींचं काम मात्र थांबलं नव्हतं. इंग्लंड ते नॉर्मंडी, नॉर्मंडी ते इंग्लंड : जाताना दारूगोळा आणि गाड्या, येताना जखमी किंवा युद्धकैदी. १९ ते २२ जूनच्या वादळात शेकडो बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या, जर्मनांनी बुडवल्या नसतील इतक्या त्या तीन-चार दिवसांत मोडल्या. हे सगळं छापील नोंदीत एका शब्दात येतं, फार तर ‘फेरी सर्व्हिस’. तो शब्द दिसला तर त्याच्यावरून घसरत पुढे जाऊ नका.

मग येते ‘ई’ची ओळ. युद्ध पूर्वेकडे सरकलं तसं ७०७४चं रूपांतर दुरुस्ती-बोटीत केलं. हौद्यावर छप्पर चढवून आत वर्कशॉप, यंत्रं. नंबरापुढे कंसात इंग्रजी ई लागलं. अशी अक्षरं बघत चला. आर म्हणजे रॉकेटं बसवलेली, ए म्हणजे चिलखती. जपानविरुद्धच्या आघाडीवर पाठवायची तयारी होती, तेवढ्यात जपान शरण आला. आपले प्रश्नकर्ते म्हणतात, यात बोटीचं अर्धं आयुष्य फुकट गेलं. माझं मत उलट आहे. या फुकट गेलेल्या कामामुळेच ती आज आहे. बाकीच्या बोटी उघड्या पेट्या होत्या, त्यांचा भंगाराशिवाय उपयोग नव्हता. हिला छप्पर आणि खोल्या होत्या. म्हणूनच १९४८मध्ये लिव्हरपूलच्या मास्टर मरिनर्स क्लबने तिला क्लब म्हणून घेतलं आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा नाव मिळालं : लँडफॉल. लांबच्या सफरीनंतर पहिल्यांदा जमीन दिसते त्याला खलाशी लँडफॉल म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पुढचं भराभर सांगतो. काही वर्षांनी तीच बोट नाइटक्लब झाली, जिथे रणगाडे उभे राहायचे त्या जागी लिव्हरपूलची तरुण मंडळी नाचली. १९९०च्या दशकाअखेरीस जतन करणाऱ्या एका ट्रस्टकडे गेली, तो ट्रस्ट २००६मध्ये बुडाला आणि मागोमाग बोटही बर्कनहेडच्या गोदीत बुडाली. ऑक्टोबर २०१४मध्ये रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तिला वर काढलं, पोर्ट्समथला आणून दुरुस्त केलं, आणि ऑगस्ट २०२०मध्ये ती साउथसीला पोचली. डी-डेच्या ८००वर एलसीटींपैकी उरलेली ही एकटी. एवढा मान का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. ती सर्वांत शूर होती म्हणून नव्हे, उरली म्हणून.

आता एक इशारा, आणि तो जरा सविस्तर. सेवानोंदीत सर्वांत खात्रीचं वाटणारं वाक्य कधीकधी सर्वांत कच्चं असतं. उदाहरण एलसीटी ३२६. नंबरावरून ओळखलंच असेल, हीही मार्क ३. १९४३च्या जानेवारीअखेरीस स्कॉटलंडमधल्या ट्रूनहून इंग्लंडच्या नैर्ऋत्येला अ‍ॅपलडोरला निघालेल्या तांड्यात ती होती. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी हवा बिघडलेली असताना शेवटची दिसली. १४ माणसं गेली. कागदावर शेरा पडला : आयल ऑफ मॅनजवळ सुरुंगाने बुडाली असावी. वर्षं गेली तशी ‘असावी’ गळून गेली, आणि जो तो सुरुंगाचं सांगू लागला.

मग २०२०च्या सुमारास बँगर विद्यापीठाच्या सर्वेक्षणात, सोनार या ध्वनिलहरींच्या यंत्राने समुद्रतळ तपासताना, वेल्सच्या बार्डसी बेटाजवळ सुमारे ९० मीटर खोल एक अवशेष ओळखला गेला. ठिकाण आयल ऑफ मॅनपासून बरंच दक्षिणेला. दोन तुकडे, एकमेकांपासून शंभर मीटरांहून जास्त अंतरावर पडलेले. म्हणजे बोट ब्रिजच्या पुढे मोडली आणि दोन्ही भाग काही काळ तरंगून मग बुडाले. सुरुंग नव्हे, लाटा. मघाशी म्हटलं ना, हौद्याच्या कडा लवायच्या? लवता लवता मोडली. आपापल्या घरी ‘सुरुंगाने गेला’ असं ७७ वर्षं सांगत आलेल्या कुटुंबांना खरी जागा तेव्हा कळली. शेरा मारणाऱ्या बिचाऱ्या कारकुनाचा दोष नाही. वादळात सगळ्यांना आपलीच बोट सांभाळायची होती, मागे वळून बघणार कोण?

कागद कुठे बघायचे, हेही विचारलं आहे. लंडनजवळ क्यूला राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे ‘ग्रीन लिस्ट’ नावाच्या याद्या आहेत, कुठली लँडिंग बोट कुठल्या तळावर, कुठल्या अवस्थेत, हे नेमाने छापलं जायचं. नुसत्या याद्या, वाचायला रूक्ष. पण दोन तारखांच्या याद्या शेजारी ठेवल्या की बोट केव्हा हलली ते कळतं. मोहिमांचे अहवाल एडीएम १९९ या मालिकेत, आणि संयुक्त मोहिमांच्या मुख्यालयाचे कागद डीईएफई २ मध्ये. मोठ्या जहाजांसारख्या रोजच्या लॉगबुकांची आशा धरू नका, छोट्या बोटींची ती जपली गेली नाहीत.

आणि माणूस शोधत असाल तर वाट वेगळी. लँडिंग बोटीवरच्या खलाशाच्या सर्व्हिस बुकात बहुतेक वेळा बोटीचा नंबर नसतोच. ज्या तळाच्या हजेरीपटावर त्याचा पगार निघायचा त्या तळाचं नाव असतं. कुणाच्या पुस्तकात ‘एचएमएस डायनोसॉर’ दिसलं तर ते जहाज शोधत बसू नका, ते ट्रूनचं एलसीटी प्रशिक्षण केंद्र. ‘एचएमएस कोप्रा’ दिसलं तर ते संयुक्त मोहिमांचं पगार आणि हिशेबाचं ऑफिस, आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. आम्हा मालवणी माणसांना ते वाचून हसू येतं. कोप्रा म्हणजे खोबरं.

आपल्याकडेही हेच. कोकणातल्या एखाद्या घरात आजोबांचं जुनं पुस्तक निघतं, त्यात ‘हमला’ लिहिलेलं असतं, आणि नातू जहाजांच्या याद्यांत हमला शोधत बसतो. हमला हे जहाज नव्हतं. रॉयल इंडियन नेव्हीने लँडिंग बोटींची वेगळी शाखा काढली, तिचं हे प्रशिक्षण केंद्र. आधी दक्षिणेत मंडपमला होतं, पुढे मुंबईत आलं, आणि मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर आयएनएस हमला आजही आहे. तिथे तयार झालेल्या मुलांनी ब्रह्मदेशातल्या आराकानच्या खाड्यांमध्ये काम केलं. १९४५च्या जानेवारीत अक्याब, म्येबोन, रामरी, कांगॉ असं एकामागोमाग किनाऱ्यांवर सैन्य उतरवलं गेलं. त्यांच्या बोटी बहुतांशी लहान, माणसं आणि हलक्या गाड्या उतरवणाऱ्या. रणगाड्यांच्या मोठ्या एलसीटीवर आजोबा होते असं गृहीत धरू नका, आधी पुस्तकातल्या तारखा आराकानच्या तारखांशी ताडून बघा. खारफुटी, चिखल आणि भरतीचं गणित तिथेही तेच, नॉर्मंडीपेक्षा अवघड असेल, सोपं नाही.

मुलांना पुढच्या सुट्टीत भारतात आणणार असाल तर आणखी एक. ज्या वर्गाच्या जहाजांवर मी राबलो त्यातलं आयएनएस गुलदार जानेवारी २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं, कुंभीर आणि चीता यांच्यासोबत. १९८५पासून जवळजवळ चार दशकं किनाऱ्यांना टेकत राहिलेलं जहाज. ते सिंधुदुर्गात निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाकडे दिलं गेलं. आमच्या गावाहून निवती लांब नाही. गुलदारची सेवानोंद मिळवून वाचा, तिथेही ‘बीचिंग’ हा शब्द पानोपानी येईल आणि प्रत्येक वेळी त्याला एक-दोन ओळींपेक्षा जास्त जागा नसेल.

साउथसीला परत गेलात तर मुलं पुढच्या फळीवरून थेट रणगाड्यांकडे धावतील, धावू द्या. तुम्ही मात्र मागच्या टोकाला जा आणि नांगराची जागा कुठे आहे, तार कुठून जायची, ते नीट पाहून घ्या. फोटो काढलात तर मला पाठवा.